मेहमान घरात, की घर मेहमानाला?

आपल्या शहरात घराच्या किरायाचा एक नवा प्रकार पाय रोवतो आहे. खोली किंवा अख्खे घर महिन्याच्या किरायाने न देता रात्रीच्या हिशेबाने द्यायचे. मोबाइलवर खोलीचे फोटो चढवायचे, एका रात्रीचा भाव लिहायचा, गिऱ्हाईक दिल्लीहून किंवा पुण्याहून पसंत करते, पैसे कंपनीमार्फत खात्यात जमा होतात. २००८ साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात सुरू झालेली एअरबीएनबी ही या धंद्यातील सर्वांत परिचित कंपनी. तिच्यामागून इतरही आल्या. सिडको, पदमपुरा, बेगमपुरा, दौलताबाद-वेरूळचा रस्ता, सगळीकडे आता 'होम स्टे'च्या पाट्या दिसतात.

या पानाचे वाचक दोन बाजूंचे आहेत. काहींकडे वडिलोपार्जित घर आहे, दोन खोल्या रिकाम्या आहेत आणि धंदा मंदा आहे. काही स्वतः किरायाच्या खोलीत राहून तिथेच शिलाईची मशीन, अड्डा किंवा माग चालवतात. एकाचा फायदा दुसऱ्याच्या मुळावर येऊ शकतो, म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर घेणे जरूर वाटले.

आधी गिऱ्हाईक कोण ते पाहू. वेरूळ शहरापासून सुमारे तीस किलोमीटर, अजिंठा सुमारे शंभर. दोन्ही लेण्यांचा १९८३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी, त्यामुळे नीट पाहणाऱ्याला शहरात दोन रात्री तरी काढाव्या लागतात. पण औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) मुक्कामाला येणारा प्रत्येक जण पर्यटक नसतो. घाटी रुग्णालयात मराठवाड्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून रुग्ण येतात, त्यांच्या नातेवाइकांना चार-आठ दिवस जागा हवी असते. उच्च न्यायालयाच्या खंडपीठात तारखेला पक्षकार येतात. परीक्षेला पोरे येतात. लग्नाला वऱ्हाड येते. खुलताबादला हजरत जर जरी जर बक्ष यांच्या उरुसाला जायरीन येतात, आणि त्याच गावात श्रावणाच्या शनिवारी भद्रा मारुतीला भाविकांची रीघ लागते. ही मागणी जुनी आहे, टिकाऊ आहे आणि लॉजवाल्यांना ती कधीच पूर्ण करता आलेली नाही.

त्या अर्थाने धंदाही नवा नाही. पंढरपुरात आषाढी-कार्तिकीला घरोघरी वारकरी उतरतात, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना आपल्या व्यापाऱ्यांना माहीत आहेच. मुसाफिराला जागा देणे आपल्याकडे कमाईच्या आधी सवाबाचे काम मानले गेले. आता त्याची कमाई झाली तर त्यात वाईट काही नाही, फक्त हिशेब पुरा मांडला पाहिजे.

कोकणात हा हिशेब चांगला जमला आहे. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतर मालवण, तारकर्ली भागात कितीतरी कुटुंबांनी निवास व न्याहारीच्या पद्धतीने घरातल्या दोन-तीन खोल्या पाहुण्यांना दिल्या. घरमालक त्याच घरात राहतो, घरची बाई मासळीचे जेवण रांधते, पोरगा होडीवर नेतो. पाहुण्याचा पैसा घरातून वाण्याकडे, मासेवालीकडे, रिक्षावाल्याकडे जातो. इथे मेहमान घरात आला आहे. घर मेहमानाला देऊन टाकलेले नाही. या दोन गोष्टींतला फरक पुढे वारंवार लागणार आहे.

कागदावरचा हिशेब

समजा, जुन्या शहरात एक खोली आहे, स्वतंत्र संडास-बाथरूम आहे. महिन्याच्या किरायाने सहा हजार मिळतात. रात्रीला नऊशे भाव ठेवला. लोक लगेच नऊशे गुणिले तीस करतात आणि सत्तावीस हजारांची स्वप्ने पाहतात. तीस रात्री कोणाचीच खोली भरत नाही.

चौदा रात्री भरली तर १२,६०० रुपये आले. सात पाहुणे धरले तर प्रत्येक वेळी चादरी, टॉवेल, सफाई मिळून दीडशे, म्हणजे १,०५०. वीज १,५००. पाण्याचे ६०० धरा, कारण ज्या शहराने नळाच्या पाण्याची आठ-आठ दिवस वाट पाहिली आहे तिथे पाहुण्याच्या दोन वेळच्या अंघोळीचा हिशेब टँकरने होतो. कंपनीचे कमिशन पंधरा टक्के धरले तर १,८९०. मोडतोड, रंग, गादी यांचे ८००. एकूण खर्च ५,८४०. हातात राहिले ६,७६०. किरायादार ठेवला असता तर सहा हजार मिळालेच असते. जास्तीची कमाई ७६० रुपये, आणि त्यासाठी रात्री अकराला उठून दार उघडायचे.

वीस रात्री भरली तर त्याच पद्धतीने साधारण दहा हजार हातात राहतात, तेव्हा धंदा खरा. पण नऊच रात्री भरली तर चार हजारांच्या आत मामला आटोपतो. आपल्याकडे हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेच्या उन्हात लेणी पाहायला कोण येतो? २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाने लेणी बंद झाली तेव्हा ज्यांचे पोट फक्त पर्यटकांवर होते त्यांचे काय झाले ते वेरूळच्या गाइडना आणि रिक्षावाल्यांना विचारावे. शिवाय एसी, पलंग, टाइल्स, गीझर यांत आधी गुंतलेली रक्कम मी वरच्या हिशेबात धरलेलीच नाही.

आणखी एक गोष्ट धरलेली नाही, ती म्हणजे घरातल्या बाईची मेहनत. चादरी तीच धुते, चहा तीच करते. खाते मात्र नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर. कापडाच्या धंद्यात आपण कारागिराची मजुरी आधी लावतो आणि मग नफा काढतो. इथे मजुरी लावायचीच नाही, हा कुठला हिशेब?

तरीही काही घरांना हा धंदा फार उपयोगाचा आहे. शौहर गेलेला, मुले शिकत आहेत, घर स्वतःचे आहे, अशा बाईला दारात किरायादार कुटुंब आणि वर एक खोली पाहुण्यांची, अशी मांडणी करता येते. घाटीच्या परिसरात बायका-मुलांसह आलेल्या नातेवाइकांना खोली देणारी अशी घरे मी पाहिली आहेत. त्यांना फोटो, एसी काही लागत नाही. साफ जागा आणि दोन वेळचे गरम पाणी पुरते. बारा महिने चालणारे हेच गिऱ्हाईक आहे, आणि आपले लोक मात्र फक्त परदेशी पाहुण्याकडे डोळे लावून बसतात.

कारागिराची खोली

आता दुसरी बाजू. माझ्या दुकानासाठी जरीकाम करणारे तीन कारागीर शहागंजमागच्या गल्लीत अकरा वर्षे एका मोठ्या खोलीत राहत होते. दिवसा अड्डा मांडायचा, रात्री तो भिंतीला उभा करून तिथेच झोपायचे. किराया चार हजार. मालकाने खोली रिकामी करून घेतली, फरशी बसवली, एसी लावला आणि ती रात्रीच्या भावाने चढवली. मालकाचा तो हक्क आहे, माझी तक्रार नाही. कारागीर नारेगावला गेले. पण त्यानंतर काय झाले ते व्यापारी बंधूंनी ऐकावे.

पूर्वी दुपारी दोनला गिऱ्हाइकाने सांगितलेली दुरुस्ती संध्याकाळी अस्रनंतर तयार मिळायची. आता माल रिक्षाने जातो आणि दुसऱ्या दिवशी येतो. लग्नसराईत एक दिवस म्हणजे गिऱ्हाईक गेले. तिघांचा जाण्यायेण्याचा खर्च मजुरीत चढला. गल्लीतल्या खानावळीचे रोजचे तीन डबे गेले, चहावाल्याची उधारीची तीन खाती बंद झाली. पाहुणाही चहा पितो, नान-खलिया खातो, हे खरे. पण रोज नाही आणि त्याच ठिकाणी नाही. तिघांपैकी एक आता गावी परतला आहे. त्याच्या हाताचे काम मला शहरात दुसऱ्याकडून मिळालेले नाही.

हिमरूची गोष्ट याहून नाजूक आहे. सुती ताण्यावर रेशमाची नक्षी विणणारा हा माग जमिनीत खड्डा करून बसवतात. म्हणजे त्याला तळमजल्याची जागाच लागते, आणि ती बाजाराजवळ, स्वस्त किरायात. पाहुण्यालाही तळमजल्याची, बाजाराजवळची खोलीच हवी असते. या शहरात हाताच्या हिमरूचे माग थोडकेच उरले आहेत. महमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादेस हलवली तेव्हा विणकर इकडे आले, अशी परंपरेने चालत आलेली समजूत आहे. सातशे वर्षांचा हुन्नर सांगून आपण पाहुण्याला शाल विकतो आणि ज्या खोलीत ती विणली जाते तीच खोली पाहुण्याला देतो.

कापडवाला म्हणून उलट बाजूही कबूल केली पाहिजे. मोठ्या हॉटेलात उतरलेला पाहुणा गाडीवाला किंवा गाइड घेऊन दुकानात येतो आणि त्याचे कमिशन शालीच्या भावात चढते. पाहुणा फसतो, कारागिराला काही मिळत नाही. मोहल्ल्यात उतरलेला पाहुणा पायी सिटी चौकात, गुलमंडीवर येतो, चार दुकाने पाहतो, भाव करतो. असा गिऱ्हाईक मला हवा आहे. घरमालकाने स्वतः त्याला मागापर्यंत नेले तर शाल विणणाऱ्याच्या हातून विकली जाईल. म्हणून हा धंदा बंद करा असे मी म्हणत नाही. मालक घरात आहे की नाही, एवढेच विचारतो.

बाहेरचा अनुभव

हा प्रश्न जगातल्या बऱ्याच शहरांनी आपल्याआधी पाहिला आहे. अमेरिकेत बॅरन, कुंग आणि प्रोसर्पियो या तिघा अभ्यासकांनी एअरबीएनबी आणि घरांचे किराये यांचा हिशेब मांडला; तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. रात्रीच्या भावाने दिलेली घरे एक टक्क्याने वाढली की त्या वस्तीचा किराया ०.०१८ टक्क्याने आणि घराची किंमत ०.०२६ टक्क्याने वाढते, असे त्यांना आढळले. आकडा किरकोळ वाटेल. पण अशी घरे एक टक्क्याने नव्हे, दुपटी-तिपटीने वाढत गेली होती. त्याच अभ्यासात आणखी एक मुद्दा आहे: ज्या वस्तीत मालक स्वतः राहतात तिथे हा परिणाम कमी दिसतो.

न्यूयॉर्कने हेच कायद्यात आणले. सप्टेंबर २०२३ पासून तिथे तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी जागा द्यायची तर नोंदणी हवी, मालक त्याच घरात हजर हवा आणि एका वेळी दोनच पाहुणे. स्पेनमधील बार्सिलोना त्याहून पुढे गेले. तिथल्या महापौरांनी जून २०२४ मध्ये जाहीर केले की पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या १०,१०१ घरांचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू ठेवणार नाही, कारण गावच्या लोकांना राहायला घरे परवडेनाशी झाली.

इतके लांब जायलाही नको, गोवा आहे. कळंगुट-बागा भागातील साध्या कुटुंबांनी साठ-सत्तरच्या दशकांत घरातल्या खोल्या परदेशी पाहुण्यांना दिल्या. त्या कमाईवर पोरे शिकली, घरे पक्की झाली. पुढे बाहेरच्या पैसेवाल्यांनी बंगले घेतले आणि ते रात्रीच्या भावाने चढवले. आता हणजूण, आसगावकडे वर्षभराच्या किरायाने घर शोधणाऱ्या नोकरदार माणसाला हंगामात कोणी दारात उभे करत नाही. सुरुवात तीच होती. फक्त मालक घरातून निघून गेला.

आपल्याकडे अजून ती वेळ आलेली नाही, पण चिन्हे आहेत. शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यात मोठे कारखाने येत आहेत. टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये इथल्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला. इंजिनिअर, ठेकेदार येतील, सजवलेली खोली मागतील, भाव चढेल. त्या वेळी जुन्या शहरातील किरायाचे गणित बदलणार आणि पहिला धक्का कारागिराला बसणार.

नावाचा प्रश्न

मालासाठी परगावी फिरणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांना खोली मागताना नाव सांगितल्यावर येणारा अनुभव वेगळा सांगायला नको. मोबाइलवरून खोली घेताना नाव आधीच दिसते. अमेरिकेतील हार्वर्डच्या अभ्यासकांनी २०१५ साली पाच शहरांतील सुमारे ६,४०० घरमालकांना विचारणा पाठवल्या. मजकूर तोच, फक्त नावे बदललेली. ज्या नावांवरून माणूस काळा असल्याचे वाटत होते त्यांना होकार सोळा टक्क्यांनी कमी मिळाला. पुढे २०१८ साली कंपनीने नियम केला की पाहुण्याचा फोटो मालकाला बुकिंग पक्के झाल्यावरच दिसावा. नाव मात्र दिसतेच.

याला आपण एक उत्तर देऊ शकतो. आपल्या घरी येणाऱ्याचे नाव पाहून 'जागा नाही' म्हणू नये. घरात दारू चालणार नाही, रात्री दहानंतर आवाज नको, बाहेरचे लोक आणू नयेत, हे नियम जरूर ठेवावेत. ते आधी लिहून ठेवावेत आणि सगळ्यांना सारखे लावावेत. शेजाऱ्यांच्या घरी बायका-मुली आहेत, अनोळखी माणसांची रोजची ये-जा त्यांना जाचते, हे मालकाने विसरू नये. वेगळा जिना, वेगळे दार असेल तर अर्ध्या तक्रारी उद्भवतच नाहीत.

कायद्याच्या गोष्टी

घर देणाऱ्यांसाठी आधी. केंद्राच्या निवास-न्याहारी योजनेत एक ते सहा खोल्यांपर्यंत नोंदणी होते आणि मालकाने त्याच घरात राहणे ही तिची मुख्य अट आहे. राज्यात पर्यटन संचालनालय नोंदणी करते. २०२३ च्या 'आई' या महिलांसाठीच्या पर्यटन धोरणात पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा आहे. ज्यांना व्याजाचा व्यवहारच नको त्यांनी नोंदणीपुरता विचार करावा. सेवेची उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या आत असेल तर मालकाला जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही. मोबाइल कंपनीमार्फत आलेल्या पाहुण्याचा कर कंपनीच भरते. घरपट्टी आणि विजेचा दर मात्र व्यापारी ठरू शकतो, तो महापालिका व महावितरणकडे आधी विचारून घ्यावा. प्रत्येक पाहुण्याचे ओळखपत्र पाहून नोंदवहीत लिहावे. परदेशी पाहुणा असेल तर चोवीस तासांच्या आत ऑनलाइन माहिती द्यावी लागते. आपल्या मोहल्ल्यांत पोलिसांची चौकशी कशावरून सुरू होते ते सर्वांना माहीत आहे. कागद पुरा ठेवलेला बरा.

घर वक्फचे असेल आणि आपण स्वतः त्यात किरायादार असू तर ते रात्रीच्या भावाने देणे म्हणजे पोटकिरायादार ठेवणे होय. मंडळाची लेखी परवानगी नसेल तर आहे ती किरायादारीही जाऊ शकते. पाणचक्कीला मंडळाचे कार्यालय आहे, तिथे आधी जावे.

वाटणी न झालेल्या घरात तर अधिकच जपावे. अब्बा गेल्यावर घर सगळ्या वारसांचे. वरच्या मजल्यावर मोठ्या भावाने पाहुणे ठेवले तर त्या कमाईत परभणीला दिलेल्या बहिणीचाही हिस्सा आहे. किराया थोडा होता तोवर कोणी विचारले नाही. महिन्याला दहा-वीस हजार दिसू लागले की भाऊ-भाऊ कोर्टात जातात. मजला सजवण्याआधी सर्व वारसांच्या सह्यांचा कागद करावा.

आता किरायाने राहणाऱ्या कारागिरांसाठी. मराठवाड्यात पूर्वी १९५४ चा हैदराबाद किराया कायदा होता. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे किरायानामा लेखी आणि नोंदणी केलेला असला पाहिजे, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे आणि ती न केल्यास त्याला शिक्षा आहे. नोंदणी नसताना वाद झाला तर अटींबाबत किरायादाराचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतात. आपले बहुतेक कारागीर जबानीवर राहतात आणि मालकाने सांगितले की आठ दिवसांत अड्डा उचलतात. व्यापाऱ्यांनी यात पडावे. ज्याच्या हातावर आपले दुकान चालते त्याचा किरायानामा नोंदवून देण्याचा खर्च एका भारी दुपट्ट्याच्या नफ्याहून जास्त नाही. दोन-तीन दुकानदारांनी मिळून एखादी मोठी खोली तीन वर्षांच्या कराराने घेतली आणि ती कारागिरांना दिली, तर मालकालाही दरमहा खात्रीचा पैसा मिळतो.

शहागंजमागच्या त्या मालकाशी मी अलीकडे हेच बोललो. तळमजल्यावर अड्डा आणि वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना, असे केले तर पाहुण्यालाही बसल्या जागी काम पाहायला मिळेल, असे त्यांना सुचवले. उन्हाळ्यात खोली किती रात्री भरली ते त्यांनी वहीत पाहिले आणि पावसाळ्यानंतर सांगतो म्हणाले. नारेगावच्या दोघांना मी तोवर थांबायला सांगितले आहे.